बाण शेपूट हलवत का जातो? पारंपरिक धनुष्याशी बाण जुळवण्याविषयी

खारघरहून एका नवशिक्या तिरंदाजाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी ६० इंची, सुट्या लिंबांचे (लिंब म्हणजे धनुष्याची वरची किंवा खालची वाकणारी भुजा) लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले, धनुष्य घेतले असून त्यावर २८ इंचांना ४५ पाउंड असे लिहिलेले आहे. ते उजव्या हाताने दोरी ओढतात, त्यांची ओढ, म्हणजे दोरी मागे खेचण्याचे अंतर, २७ इंचांची आहे आणि बाण थेट शेल्फवरून, म्हणजे पकडीच्या वरच्या खाचेवरून, सोडतात. दुकानातून मिळालेले कार्बनचे बाण ४०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाणाच्या कडकपणाचे माप), न कापलेले ३० इंची, १०० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचे लहान एकक) टोकाचे आणि शेपटाला प्लॅस्टिकच्या पात्या असलेले आहेत. बाण सुटताना खटकन आवाज येतो, तो शेपूट हलवत जातो आणि नेम सरळ धरला तरी डावीकडे लागतो. आवाज कमी व्हावा म्हणून त्यांनी धनुष्याच्या बाजूला कातड्याचे दोन थर चिकटवले, तेव्हा बाण आणखी डावीकडे जाऊ लागला. एकाने त्यांना ब्रेस हाइट (पकड आणि दोरी यांतले अंतर) बदलायला सांगितले, दुसऱ्याने शेल्फच कानशीने घासायला सांगितली. आता धनुष्य सदोष आहे का, आणि काय घासावे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

सर्वप्रथम, कृपया काहीही घासू नका. तुम्ही दिलेल्या वर्णनात धनुष्य सदोष असल्याची एकही खूण मला दिसत नाही. तुमचा खरा प्रश्न धनुष्याचा नसून, तुमच्या ओढीला आणि या धनुष्याला हा बाण जुळतो का, असा आहे. माझ्या मते तो जुळत नाही, आणि चिकटवलेल्या कातड्याने ते अंतर वाढवले आहे. तरीही मी तुमचा हात प्रत्यक्ष पाहिलेला नाही, आणि वरवर अगदी सारखा दिसणारा बिघाड दोन माणसांमध्ये दोन वेगळ्या कारणांनी होऊ शकतो. म्हणून नुसते उत्तर न देता, ठाण्यात माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांचे धनुष्य मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम कारणांसह सांगतो.

बाण धनुष्यातून सरळ काठीसारखा निघत नाही, ही गोष्ट मनात पक्की असली की पुढचे सगळे सोपे जाते. शेल्फवर ठेवलेल्या बाणाचे टोक धनुष्याच्या मध्यरेषेच्या थोडे बाहेर असते, आणि बोटांवरून सुटणारी दोरी आधी किंचित बाजूला सरकते व मग पुढे धावते. मागून एवढा जोर बसल्यावर बाण वाकतो, मग उलट बाजूला वाकतो आणि धनुष्याच्या कडेला वळसा घालून, तिला न खरचटता, पुढे जातो. सन १९३०च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान चित्रीकरणातून हे वाकणे दाखवले, आणि इंग्रजीत या प्रकाराला ‘आर्चर्स पॅराडॉक्स’ म्हणतात. बाणाच्या वाकण्याचा ताल आणि धनुष्यातून बाहेर पडायला त्याला लागणारा वेळ जुळले, तर शेपूट धनुष्याला न लागता निघून जाते. बाण गरजेपेक्षा कडक असेल तर तो पुरेसा वाकत नाही, धनुष्याच्या बाजूवर आपटतो आणि उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बाण डावीकडे जातो. गरजेपेक्षा नरम असेल तर उजवीकडे. डाव्या हाताने ओढणाऱ्यांनी या दिशा उलट वाचाव्यात.

आता तुमचे आकडे पाहू. धनुष्यावर लिहिलेले ४५ पाउंड हे २८ इंचांच्या ओढीला आहेत आणि तुम्ही २७ ओढता. या मापाच्या धनुष्यात शेवटच्या एका इंचाला साधारण दोन ते तीन पाउंड पडतात, म्हणजे तुमच्या बोटांवर ४२ ते ४३ पाउंडच येतात. हे अंदाजावर सोडू नका. बॅगा तोलायचा हुकाचा काटा दोरीत अडकवा, बाणावर तुमच्या ओढीची खूण करा, आणि तेथपर्यंत ओढून आकडा वाचा; तो १९ किलो ३०० ग्रॅमच्या आसपास येईल असे मला वाटते. काट्यावर ओढलेली दोरी हळूहळू परत आणावी, बाणाशिवाय ती कधीही सोडू नये, कारण रिकामी सुटलेली दोरी लिंबाला तडा देऊ शकते.

स्पाइनचा आकडा जितका लहान, तितका बाण कडक. कार्बन बाणावरचे ४०० म्हणजे २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर तो ठेवून मध्यभागी १.९४ पाउंड, म्हणजे सुमारे ८८० ग्रॅम, वजन टांगल्यावर तो ०.४०० इंच झुकतो. बेचाळीस पाउंडांच्या आणि शेल्फवरून सोडण्याच्या धनुष्याला मी शिकणाऱ्याच्या हातात ४०० देत नाही. सुरुवात ५०० पासून करतो आणि ओढ आणखी कमी असेल तर ६०० पाहतो. दुकानदाराने धनुष्यावरचा आकडा पाहून बाण दिले असावेत. तुमची ओढ त्याने विचारली नसेल, तर त्याचे गणित सुरुवातीलाच चुकले.

आवाजाचे मूळ मला दोन ठिकाणी दिसते. एक कडक बाण, आणि दुसरे प्लॅस्टिकच्या पात्या. पीस दबले तरी पुन्हा उभे राहते, म्हणून ते शेल्फवरून सहज निसटते. प्लॅस्टिकची पाती दबत नाही, ती शेल्फला लागते आणि बाणाचे शेपूट उडवते. अशा पात्या बाण कडेपासून लांब ठेवणाऱ्या उंच रेस्टवर (बाण टेकवायच्या जोड-आधारावर) चालतात. शेल्फवर पिसेच हवीत. एका बाणावर डाव्या पंखाची आणि उजव्या पंखाची पिसे मिसळू नयेत, आणि वेगळ्या रंगाचे पीस धनुष्यापासून बाहेरच्या बाजूस ठेवावे.

तुमच्या कातड्याच्या दोन थरांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा उपाय बरेच जण करतात आणि तो नेमका उलटा पडतो. बाजूचे कातडे जाड केले की बाण मध्यरेषेपासून आणखी बाहेर जातो, त्याला वळसा घालायला जास्त वाकावे लागते, आणि जो बाण आधीच कडक आहे तो आणखी कडक असल्यासारखा वागतो. तुमचा बाण नंतर जास्त डावीकडे जाऊ लागला तो यामुळेच. नरम बाणाला याच जाडीचा उपयोग होतो, कडक बाणाला अपाय. म्हणून दोन्ही थर काढा आणि एकच पातळ कातडे लावा. त्याखाली, पकडीच्या सर्वांत खोल भागाच्या नेमके समोर, काडेपेटीतील काडीचा छोटा तुकडा उभा चिकटवला तर तिथे बारीक उंचवटा तयार होतो आणि बाण सपाट बाजूला घासण्याऐवजी एकाच ठिकाणी टेकतो. शेल्फवरही तसाच एक उंचवटा त्याच रेषेत करावा. शेल्फ घासायला सांगणाऱ्यांचा हेतू बाण मध्यरेषेजवळ नेण्याचा असावा. पण घासलेले लाकूड परत येत नाही, आणि त्या ठिकाणी रायझर, म्हणजे धनुष्याचा मधला भाग, मुळातच बारीक असतो.

बाण बदलण्याआधी मात्र स्वतःचा हात तपासा, कारण ज्याची ओढ दर बाणाला बदलते त्याचे धनुष्य कोणीही जुळवू शकत नाही. एखाद्या मित्राला बाजूला उभे करा, बाणावर बारीक पट्टी लावा, आणि दहा बाण सोडताना धनुष्याच्या पुढच्या कडेला पट्टी कुठे येते ते त्याला टिपायला सांगा. ती पाव इंचाच्या आत येत असेल तर पुढे जा. अर्ध्या-पाऊण इंचाने मागेपुढे होत असेल तर प्रत्येक बाणाला धनुष्याचे वजनच, म्हणजे ओढीचा जोर, बदलत आहे, आणि त्यावर काढलेला कोणताही निष्कर्ष खोटा ठरेल. पकडही पाहा. धनुष्य अंगठ्याखालच्या मांसल उशीवर टेकलेले असावे, मूठ आवळलेली नसावी.

हे मी आग्रहाने लिहितो, कारण हीच चूक मी केली आहे. सुरुवातीच्या काळात माझे बाण उजवीकडे जात. मी ते नरम ठरवले आणि कडक करण्यासाठी कापत गेलो. एका पावसाळ्यात सहा शाफ्ट (बाणांच्या काड्या) अर्ध्या-अर्ध्या इंचाने लहान केले. प्रत्यक्षात मी धनुष्य घट्ट आवळून दर वेळी थोडे पिळत होतो. एका ज्येष्ठ तिरंदाजाने माझी मूठ सोडवली, आणि त्याच सकाळी ते सहाही बाण डावीकडे, टार्गेटच्या लाकडी चौकटीवर, जाऊन आदळू लागले. कापलेला बाण लांब करता येत नाही. तेव्हापासून एका आठवड्याच्या अंतराने दोनदा तीच नोंद मिळाल्याशिवाय मी करवत हातात घेत नाही.

हात स्थिर असेल तर ब्रेस हाइट मोजा, म्हणजे पकडीच्या खोल भागापासून दोरीपर्यंतचे अंतर. जुन्या काळी मूठ धनुष्यावर ठेवून अंगठा उभा करत आणि तो दोरीला टेकला की पुरे मानत. ते माप लाँगबोला, म्हणजे लांब, सरळ भुजांच्या धनुष्याला, बऱ्यापैकी चालते. तुमच्या लांबीच्या रिकर्व्हला साधारण सव्वासात ते सव्वाआठ इंच चालतात, पण बनवणाऱ्याने मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. खालच्या मर्यादेपासून सुरुवात करा, दोरीला तीन-चार पीळ द्या, सहा बाण सोडा, आवाज ऐका, पुन्हा पीळ द्या. एका मापाला धनुष्याची थरथर कमी होते आणि आवाज मऊ होतो. ते माप वहीत लिहून ठेवा आणि मग ब्रेस हाइट विसरून जा. तिच्यामुळे बाणाच्या वागण्यात पडणारा फरक लहान असतो, चारशे आणि पाचशेमधला फरक त्यातून भरून निघत नाही. मात्र डॅक्रॉन या कृत्रिम धाग्याची नवी दोरी पहिले काही दिवस ताणली जाते, त्यामुळे दर सकाळी दोरी चढवल्यावर माप पुन्हा पाहावे. कमी ताणल्या जाणाऱ्या आधुनिक धाग्याची दोरी बाणाला जास्त वेग देते आणि तिला थोडा कडक बाण लागतो. पण लिंबाची टोके मजबूत केलेली नसतील तर ती लावू नये.

यानंतर नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण अडकवायची जागा. तुम्ही शेपूट आडवे हलते असे लिहिले आहे, पण शेल्फवरून सोडताना बऱ्याचदा ते वरखालीही होत असते आणि डोळ्याला दोन्ही मिळून एकच गरगर दिसते. म्हणून उभी हालचाल आधी संपवावी, मग आडवीकडे वळावे. टी-स्क्वेअर (टी-आकाराची मोजपट्टी) दोरीला लावून, शेल्फच्या काटकोनापासून सुमारे १६ मिलीमीटर वर, बाणाच्या नॉकची (दोरीत बसणाऱ्या शेपटाकडच्या खाचेची) खालची कड येईल अशी पहिली गाठ बांधा आणि तेथून हळूहळू खाली या. वरून खालीच यायचे, याला कारण आहे. नॉक फार खाली असेल तर बाण शेल्फवर आपटून उसळतो आणि नॉक वर असल्यासारखा दिसतो, मग माणूस त्याला आणखी खाली नेतो आणि गोंधळात अडकतो. तिन्ही बोटे बाणाखाली ठेवून ओढणाऱ्यांना ही गाठ सहसा थोडी जास्त वर लागते.

पितळी कडीपेक्षा मला धाग्याची गाठ आवडते. दात साफ करायचा मेणाचा धागा सर्व्हिंगवर (दोरीच्या मध्यावरच्या गुंडाळीवर) एकदा पुढून, एकदा मागून असा गाठी घालत आठ-दहा वेळा बांधला, की त्याची छोटी रिंग तयार होते आणि ती स्क्रूसारखी फिरवत अर्धा मिलीमीटर वर किंवा खाली नेता येते. माप पक्के झाल्यावर तिच्यावर फेव्हिक्विकचा एक थेंब टाकावा, आणि बाण दोरीवरून खाली घसरू नये म्हणून दुसरी गाठ नॉकच्या खाली, किंचित मोकळी जागा ठेवून, बांधावी. नॉक दोरीवर किती घट्ट बसतो तेही याच वेळी पाहून घ्या: बाण दोरीला लटकत राहिला पाहिजे आणि दोरीवर बोटाने टिचकी मारली की पडला पाहिजे.

आता मुख्य परीक्षा, बिनपिसांच्या बाणांची. पिसे बाणाची चूक सुधारतात, म्हणजे दुसऱ्या शब्दांत ती चूक लपवतात. पिसे काढली की जे आहे ते समोर येते. पिसांचे तीन बाण आणि बिनपिसांचे दोन बाण घ्या, टोके आणि लांबी सारखी ठेवा. कार्बनचा प्रत्येक शाफ्ट आधी कानाजवळ धरून हलकेच वाकवा, आणि करकर ऐकू आली किंवा चीर दिसली तर तो बाजूला ठेवा. पहिले बाण आठ-दहा मीटरवरून सोडा, कारण न जुळलेला बिनपिसांचा बाण आडवा होऊन लागू शकतो, वाकू शकतो किंवा मोडू शकतो. नोंदी बऱ्या येऊ लागल्यावर अठरा-वीस मीटरवर जा. मागे भिंत किंवा मातीचा उंच बांध असलेल्या मैदानातच हे करावे. येऊरच्या रानात हे करायला जाऊ नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते आणि तिथे धनुष्यबाण नेणे तुम्हाला अडचणीत आणील. वेळ सकाळची निवडा, कारण दुपारनंतर खाडीकडून वारा सुरू झाला की बिनपिसांच्या बाणाची साक्ष विश्वासार्ह राहत नाही.

वाचन असे करायचे. बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांच्या खाली लागत असतील तर नॉकिंग पॉइंट वर आहे, तो खाली आणा. वर लागत असतील तर तो वर न्या. उंची जुळल्यावर आडवे अंतर पाहा. बिनपिसांचे डावीकडे, म्हणजे बाण कडक; उजवीकडे, म्हणजे नरम. टार्गेटमध्ये बाणाचे शेपूट कोणत्या बाजूला झुकले आहे त्यावरून अनेक जण निष्कर्ष काढतात. मी काढत नाही, कारण बाण वाकण्याच्या ज्या क्षणी टार्गेटच्या गवतात शिरतो त्यावर तो कल अवलंबून असतो, आणि दोन मीटर पुढे-मागे उभे राहिल्यास तोच बाण उलट कल दाखवू शकतो. तो कुठे लागला एवढेच पाहावे, आणि एका बाणावर नव्हे तर चार-पाच फेऱ्यांच्या सरासरीवर विश्वास ठेवावा.

कडक बाण नरम करण्याचा स्वस्त उपाय म्हणजे टोकाचे वजन वाढवणे. टोक जड झाले की बाण जास्त वाकतो. १२५, १४५, १७५ आणि २०० ग्रेनची एकेक-दोन टोके घेऊन ठेवली तर एका सकाळी बरेच कळते. तुमच्या चारशेच्या बाणांवर २०० ग्रेन लावूनही ते बहुधा थोडे कडकच राहतील, आणि जड टोकाने बाण मंद होऊन लवकर खाली उतरेल, ते वेगळे. म्हणून माझा सल्ला असा, की सबंध डझन घेण्याआधी ५०० स्पाइनचे दोन शाफ्ट न कापता मिळवा किंवा कोणाकडून उसने घ्या, आणि त्यांवर १२५ ते १७५ ग्रेनची टोके लावून पाहा. ते थोडे नरम आढळले, तर तेवढी चूक तुमच्या सोयीची आहे: शाफ्ट मागच्या बाजूने पाव-पाव इंच कापत गेले की बाण कडक होत जातो आणि बिनपिसांचे बाण डावीकडे, पिसांच्या बाणांजवळ, सरकू लागतात. त्यांच्यातले आडवे अंतर वीस मीटरवर तळहाताएवढे उरले की मी थांबतो. त्याहून बारीक जुळवणी तुमच्या रिलीजमधल्या, म्हणजे दोरी सोडण्यातल्या, चढउतारात हरवून जाईल.

बांबूचे किंवा लाकडाचे बाण वापरणाऱ्यांसाठी थोडे. आपल्याकडच्या इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारात बांबूची धनुष्ये आणि लाकडी बाण ३० आणि ५० मीटरवर चालतात, त्यामुळे हा प्रश्न अनेक मुलांना पडतो. लाकडी बाणाची स्पाइन पाउंडांत सांगतात आणि ती घरी मोजता येते. माझ्याकडे एका फळीवर २६ इंच अंतरावर दोन खिळे आहेत. त्यांवर बाण आडवा ठेवून मध्यभागी ९०७ ग्रॅम, म्हणजे दोन पाउंड, वजन लावतो आणि तो किती इंच झुकला ते कॅलिपरने पाहतो. २६ ला त्या आकड्याने भागले की पाउंड मिळतात: अर्धा इंच झुकला तर ५२. बांबूच्या एकाच काडीला फिरवून मोजले तर दोन बाजूंचे आकडे वेगळे येतात, म्हणून कडक बाजू शोधून ती धनुष्याकडे येईल असा नॉक कापावा. एका भात्यातले सगळे बाण तीन-चार पाउंडांच्या आत असावेत, नाहीतर जुळवलेला एक आणि भरकटणारे पाच असे होते.

आपल्या हवेचाही विचार करावा लागतो. जून ते सप्टेंबर ठाण्याच्या ओलाव्यात पिसे लोळतात, लाकडी बाण ओल शोषतात आणि निव्वळ लाकडी किंवा बांबूचे धनुष्य थोडे वजन गमावते, त्यामुळे मे महिन्यात जुळवलेला बाण ऑगस्टमध्ये कडक वाटू शकतो. तुमचे धनुष्य काचतंतूंच्या थरांचे असेल तर त्याला ओलाव्याचा तेवढा त्रास नाही. उन्हात बंद गाडीत मात्र ते कधी ठेवू नका, त्या उष्णतेत थरांमधला गोंद सुटतो.

तेव्हा येत्या रविवारी एवढेच करा. काट्यावर ओढ तोला, दोन्ही कातडी काढून एक पातळ लावा, धाग्याची गाठ १६ मिलीमीटरवर बांधा, सध्याच्या दोन बाणांच्या पात्या खरवडून काढा आणि दहा मीटरवरून सहा फेऱ्या सोडा. पिसांचे बाण नसले तरी चालेल. पात्यांचे तीन आणि बिनपात्यांचे दोन यांच्यात किती सेंटीमीटर अंतर पडते आणि कोणत्या दिशेला, ते लिहून ठेवा. काट्याचा आकडा, ब्रेस हाइट आणि हे अंतर कळवलेत, तर ५०० चे शाफ्ट किती लांब ठेवायचे आणि कोणते टोक लावायचे ते मी बऱ्याच खात्रीने सांगू शकेन.